धुळीची नोंदवही

कणकवली तालुक्यात आमच्या पट्ट्यात निघणारी पांढरी वाळू बांधकामाची नाही. ती सिलिका वाळू, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ (गारगोटी). कलादगी नावाच्या प्राचीन खडकसमूहातले वालुकाश्म फुटून, झिजून ती तयार झाली. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये ओतकामाचे साचे असल्याच वाळूचे करतात. काच कारखान्यांनाही ती लागते. त्यामुळे पाऊस ओसरला की घाट चढून जाणाऱ्या डंपरांची रांग लागते ती पुढच्या पावसापर्यंत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या वाळूच्या धुळीचा विषय अजून मिटलेला नाही, आणि त्यात आमच्याच गावची घरं दोन्ही बाजूंना आहेत.

मी इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या काही हंगामांत गावाने स्वतः धूळ मोजली, कागद मिळवले, त्यावर बैठका घेतल्या आणि थोडंफार पदरात पाडून घेतलं. आता दुसऱ्या गावांतून फोन येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: यंत्र कुठलं घेतलंत? म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते. यंत्राचा उपयोग झाला, पण खरं काम वहीने केलं.

आधी धूळ नेमकी कुठून येते ते. खोदताना धूळ उडते असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. पण वाळू जमिनीतून निघते तेव्हा बहुधा ओलसर असते आणि नंतर वॉशिंग प्लांटमध्ये पाण्याने धुतली जाते. धुरळा सुरू होतो तो त्यानंतर. धुतलेल्या वाळूचे ढीग उघड्यावर सुकतात. धुताना सुटलेला पिठासारखा बारीक गाळ हौदांत साठवतात. फेब्रुवारीनंतर हौद कोरडे पडतात, गाळाला भेगा जातात, पापुद्रे उठतात आणि वाऱ्याबरोबर ते सगळं जवळच्या वाडीवर येतं. तिसरी जागा रस्ता. भरगच्च डंपरमधून वाळू सांडते, मागून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ती दळली जाते आणि दर फेरीला पुन्हा हवेत जाते. फाट्याजवळच्या कलमांवर मोहोर येतो त्याच दिवसांत हे जोरात असतं. पानं पांढरी, मोहोर पांढरा.

सिलिकाच्या धुळीबद्दल घाबरवणारं बोलणं सोपं आहे, म्हणून जे पक्कं माहीत आहे तेवढंच आम्ही गावात सांगितलं. क्वार्ट्झचे चार मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण फुप्फुसात अगदी आतपर्यंत जातात. तिथे ते विरघळत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण तयार होत जातात, त्यालाच सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका कितीतरी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला १९९७मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या देशात याची सगळ्यात दुःखद उदाहरणं गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांतली. तिथे कामाला गेलेले मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर घरी परतून एकामागून एक दगावले, आणि त्यांतल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये गुजरात सरकारला दिला. पण हा आजार मुख्यतः रोज, जवळून, वर्षानुवर्षं धूळ घेणाऱ्या कामगारांचा. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याला तेवढी मात्रा मिळत नाही. त्याला खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ हे त्रास होतात आणि ते काही किरकोळ नाहीत. हा फरक आम्ही पहिल्या बैठकीपासून स्पष्ट ठेवला. ‘सगळ्या गावाला सिलिकोसिस होणार’ असं कुणी म्हटलं की आम्हीच त्याला थांबवायचो. एक खोटं वाक्य समोरच्याच्या हाती लागलं की तो त्याच वाक्याला उत्तर देतो, बाकीच्या नव्वद खऱ्या गोष्टी बाजूला पडतात.

सुरुवात कागदांपासून झाली, आणि ती आबांमुळे. आबा तलाठी कार्यालयात वर्षानुवर्षं जाऊन स्वतःच्या जमिनीचा वाद निस्तरलेले गृहस्थ. पहिल्या बैठकीत सगळे तावातावाने बोलत होते तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तोंडी सांगून काय होवचा नाय. कागद होयो.”

कोणते कागद? खाणीला पर्यावरण मंजुरी लागते. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींना ती नको अशी पूर्वी पळवाट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशाने ती बंद केली. सिलिका वाळू फेब्रुवारी २०१५पासून गौण खनिजांत आली, त्यामुळे खाणपट्ट्याचा कारभार राज्याकडे, म्हणजे जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेकडे. वॉशिंग प्लांटला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की मंजुरी मिळालेल्याने अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, सादर करायचा असतो. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. काही कागद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर सापडले. उरलेल्यांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज केले, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. सगळी उत्तरं तीस दिवसांत आली नाहीत. जिथे आली नाहीत तिथे पहिलं अपील केलं. अपिलाच्या सुनावणीला आम्ही दोघं-तिघं जायचो, कधीच एकटं कुणी नाही.

कागद हातात आल्यावर ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांचं वाचन ठेवलं. सगळे कागद इंग्रजीत. मी एकेक अट वाचून मराठीत सांगायची आणि आशाताई फळ्यावर लिहायच्या. रस्त्यावर नियमित पाणी मारणे. वाहतूक ताडपत्रीने झाकून करणे. ढिगांवर आच्छादन. खाणीच्या हद्दीवर झाडांचा पट्टा. ठरावीक काळाने हवेची तपासणी. कामगारांची वैद्यकीय तपासणी. फळा भरला तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, “म्हणजे आम्ही मागतो ते सगळं लिहिलेलंच आहे की.” त्या संध्याकाळी बैठकीचा सूर बदलला. आम्ही नवीन काही मागत नव्हतो. कबूल केलेलं झालं का, एवढंच विचारायचं होतं. आणि ते विचारायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

नोंदवहीचे रकाने त्या फळ्यावरूनच पडले. प्रत्येक अटीचा साधा प्रश्न केला. टँकर आला का, किती वाजता? ताडपत्री होती का? रस्ता ओला की सुका? वारा कुठून? नोंद करणाऱ्याची सही. बाजारात मिळते ती लांब आडवी हिशेबाची वही, रकाने पट्टीने आखलेले. एक वही शाळेत, एक अंगणवाडीत आणि एक फाट्यावरच्या काकींच्या हॉटेलात. काकींची वही सगळ्यात नीट भरली गेली, कारण त्या पहाटे पाचला शेगडी पेटवतात ती रात्री आठला विझवतात आणि रस्ता सतत त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. चहाच्या डागांनी पानं भरली, पण नोंद चुकली नाही. पेन पळवतात म्हणून त्यांनी ते सुतळीने खांबाला बांधून ठेवलं होतं. सकाळी मी शाळेला जाताना त्या आतूनच ओरडून सांगायच्या, “आज टँकर इलोच नाय, लिवलंय.”

नोंदीचे नियम आम्ही ठरवून घेतले आणि ते कडक ठेवले. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं. ‘खूप धूळ होती’ असं लिहायचं नाही, ‘सकाळी ८.१०, डंपर, ताडपत्री नाही, रस्ता सुका, वारा डोंगराकडून’ असं लिहायचं. टँकर आला तर तेही लिहायचं, धूळ नव्हती तर तेही. या शेवटच्या नियमावर वाद झाला. त्यांच्या बाजूचं आपण का लिहायचं, असं तरुण मुलांचं म्हणणं. पण पुढे अधिकाऱ्यांसमोर वही उघडली तेव्हा त्यांनी आधी ‘टँकर दोनदा आला, रस्ता ओला’ असल्याच नोंदी बोट ठेवून वाचल्या आणि मग बाकीची वही गांभीर्याने घेतली. फोटो काढायचे ते गाडीचे आणि नंबर प्लेटचे, ड्रायव्हरच्या चेहऱ्याचे नाहीत. तो पगारी माणूस, आणि बरेचदा शेजारच्याच गावचा.

ड्रायव्हरांचा आणि डंपरवाल्यांचा प्रश्न टाळून हे काम होत नाही. आमच्याच वाडीतल्या मुलांनी कर्ज काढून डंपर घेतलेत. त्यांच्या घरच्यांना वाटलं, खाण बंद करायला निघालेत हे. एका बैठकीला ते सगळे आले आणि बराच वेळ आरडाओरडा झाला. शेवटी एकाने जे सांगितलं ते आमच्यासाठी नवीन होतं. “बाई, ताडपत्री बांधूक धा मिन्टां जातत. फेरी चुकली तर पैसे कोण देतलो?” पैसे फेरीवर मिळतात. जो ताडपत्री बांधायला थांबतो त्याचा रांगेतला नंबर जातो. म्हणजे ड्रायव्हरला दंड करून काही हाती लागणार नव्हतं. नियम सगळ्यांना एकाच वेळी, गेटवरच लागायला हवा होता. त्या दिवशी आमची मागणी बदलली: ताडपत्री बांधल्याशिवाय गेटवरून गाडीची पावतीच फाडू नये, म्हणजे कुणाचाच नंबर जाणार नाही. ही मागणी पुढे डंपरवाल्यांनीही उचलून धरली. या सगळ्या प्रवासातली सगळ्यात उपयोगी बैठक मला विचाराल तर ती हीच.

आता यंत्राबद्दल. बाजारात काही हजारांत मिळणारे धूलिकण मोजणारे सेन्सर असतात. आत एक बारीक पंखा हवा ओढतो, लेझरचा प्रकाश कणांवर पडतो, तो किती विखुरला त्यावरून आकडा निघतो. आम्ही वर्गणीतून असे सेन्सर घेतले. बसवण्याआधी शाळेच्या प्रयोगशाळेत सगळे एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून काही दिवस चालवले, कारण एकाच जागी ते वेगवेगळे आकडे दाखवत असतील तर दोन जागांची तुलना करता येत नाही. थोडाफार फरक निघाला, तो लिहून ठेवला.

कोकणात या यंत्रांची मोठी अडचण म्हणजे दमट हवा. बाष्पामुळे कण फुगतात, विखुरणारा प्रकाश वाढतो आणि आकडा खोटा चढतो. धुक्याच्या पहाटे तर तो विश्वास ठेवण्यासारखा नसतोच. दुसरी अडचण उलट दिशेची. रस्त्यावरची धूळ जाड असते आणि हे स्वस्त सेन्सर जाड कण नीट पकडत नाहीत. त्यांचा पीएम १०चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा बराचसा हिशेबाने काढलेला असतो. डोळ्यांना धुरळा दिसतोय आणि यंत्र शांत, असं होतं. चुलीचा धूर मात्र ते लगेच दाखवतं, म्हणून अंगणवाडीतला सेन्सर स्वयंपाकाच्या खोलीपासून लांब, पडवीच्या दुसऱ्या टोकाला लावला. हे सगळं माहीत असेल तर यंत्राचा उपयोग आहे. त्याचा आकडा ‘एवढं प्रदूषण आहे’ म्हणून पुढे करायचा नाही. तेच यंत्र, तीच जागा, दोन वेगळे दिवस अशी तुलना करायची.

तशी तुलना आम्हाला शिमग्याने आयती दिली. शिमग्यात आमच्याकडे कामं थांबतात. पालखी निघते, मुंबईकर येतात, ड्रायव्हर आपापल्या गावी जातात आणि डंपर उभे राहतात. त्या दिवसांचा आलेख आणि आधीच्या आठवड्याचा आलेख शेजारी ठेवला तेव्हा फाट्यावरच्या सेन्सरची दिवसाची रेषा स्पष्ट खाली आलेली दिसत होती. होळीच्या रात्री मात्र ती एकदम वर गेली होती, लाकडांच्या धुरामुळे. तो भाग काढून टाकावा असं कुणीतरी सुचवलं. आम्ही तो ठेवला आणि शेजारी ‘होळी’ असं लिहिलं.

मुलांसाठी मी आणखी एक केलं. काचेच्या स्लाइडवर व्हॅसलीनचा पातळ थर लावून त्या वेगवेगळ्या ठिकाणी दिवसभर ठेवल्या आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. देवळाजवळच्या स्लाइडवर परागकण, तंतू, मातीचे तांबूस गोळे. फाट्यावरच्या स्लाइडवर टोकदार, पारदर्शक, काचेच्या चुऱ्यासारखे दिसणारे कण, एकाला एक चिकटून. नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, हे आत गेल्यावर टोचतात का?” मी तिला सांगितलं की इथे दिसतायत ते मोठे कण नाकातच अडकतात, आत जातात ते इतके लहान की आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार धड कळतही नाही. हा पुरावा नव्हता आणि आम्ही तो पुरावा म्हणून कुठे दिलाही नाही. पण त्या स्लाइड बघायला मुलांचे आईवडील शाळेत आले, आणि ग्रामसभेला एरवी न येणारी माणसं त्यानंतर आली.

ग्रामसभेने ठराव केला: हवेची अधिकृत मोजणी व्हावी. अधिकृत मोजणीचं यंत्र वेगळं. ते ठरावीक वेगाने हवा ओढून फिल्टरवर धूळ गोळा करतं, आधी आणि नंतर फिल्टरचं वजन करतात आणि फरकावरून घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम धूळ ते काढतात. देशातली मर्यादा २००९च्या मानकांप्रमाणे पीएम १०साठी २४ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम, वर्षाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस याहून बरीच कडक आहे, २४ तासांसाठी ४५. पण नोटीस निघते ती आपल्या १००वर.

पहिल्यांदा सरकारी पथक आलं ते दुपारी. यंत्र प्लांटच्या पश्चिमेला लागलं. आमच्याकडे दुपारी वारा समुद्रावरून येतो, म्हणजे यंत्राकडून प्लांटकडे. धूळ त्या वेळी पूर्वेच्या वाडीवर जात होती. शिवाय त्या दिवशी रस्ता पहाटेपासून ओला होता. निकाल मर्यादेच्या आत आला. लोक चिडले, मोर्चा काढायची भाषा सुरू झाली. आबा आणि सरपंचांनी सगळ्यांना थोपवलं आणि आम्ही अहवालाची प्रत मागवली. त्यात मोजणीची जागा, वेळ, तास सगळं होतं. मग वह्या उघडल्या. आधीच्या महिनाभराच्या नोंदींत टँकर किती कमी वेळा, तोही बहुधा दहा वाजून गेल्यावर आलेला. मोजणीच्या दिवशी मात्र काकींच्या हातची नोंद: पहाटे ५.४०, टँकर, पुन्हा ७.१५, पुन्हा ९. पत्रात आम्ही कुणावर आरोप केला नाही. नोंदींच्या प्रती जोडल्या, वाऱ्याच्या दिशांचा तक्ता जोडला आणि विनंती केली की मोजणी सलग २४ तास व्हावी, अंगणवाडीच्या गच्चीवर आणि फाट्यावर, आणि दिवस आधी कुणाला कळवू नये.

दुसरी मोजणी तशी झाली. दोन्ही ठिकाणी पीएम १० मर्यादेच्या वर निघाला. त्या कागदावर आमची वही किंवा आमचा सेन्सर यांचा उल्लेखही नाही. पण यंत्र योग्य जागी, योग्य वेळी लागलं ते वहीमुळे. दुसऱ्या गावांना मी हेच सांगते: गावाची मोजणी सरकारी मोजणीची जागा घेऊ शकत नाही, पण सरकारी मोजणी कुठे आणि कधी व्हायला हवी हे गावाइतकं कुणाला माहीत नसतं. यंत्र एक दिवस येतं. धूळ खाणारी माणसं बारा महिने तिथेच असतात.

नंतर नोटीस निघाली, प्रांताधिकाऱ्यांकडे संयुक्त बैठक झाली. तिचं वर्णन करण्यात फार अर्थ नाही, अशा बैठका सगळीकडे सारख्याच होतात. हाती काय आलं ते सांगते. पहिल्या फेरीआधी रस्त्यावर पाणी मारणं सुरू झालं. गेटवर ताडपत्री बांधल्याशिवाय पावती मिळत नाही. सांडलेली वाळू कडेने गोळा करतात. शाळेजवळ गतिरोधक झाले. शाळेत आता दुपारी खिडक्या उघड्या ठेवता येतात. कोरडे पडणारे गाळाचे हौद मात्र जसेच्या तसे आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या वाडीत मार्च-एप्रिलला फारसा फरक नाही. तिथल्या बायका मला स्पष्ट विचारतात की तुमचं झालं, आमचं काय, आणि त्यांचं बरोबर आहे. हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे जायचा पर्याय आम्ही उघडा ठेवला आहे. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४खाली तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते हे वकिलांनी आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं, म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवलेली आहे.

कामगारांचं काम सगळ्यात मागे पडलं. लोडिंगवर आणि चाळणीवर असलेले मजूर बाहेरचे, हंगामापुरते येतात. ते ग्रामसभेत येत नाहीत, तक्रार करत नाहीत, आणि सगळ्यात जास्त धूळ तेच घेतात. त्यांच्यातल्या कुणाला खोकला झाला तर आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी होते, औषधं सुरू होतात, आणि पावसाआधी माणूस निघून जातो. तो काय काम करत होता हे केसपेपरवर येतच नाही. आशाताईंनी डॉक्टरांशी बोलून एक छोटी गोष्ट सुरू करून घेतली: खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला व्यवसाय आणि आधीचं कामाचं ठिकाण विचारायचं आणि लिहायचं. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून मजुरांच्या छातीचे एक्स-रे व्हावेत असा प्रस्तावही दिला आहे. खाणबाधित भागातलं आरोग्य हा त्या निधीच्या प्राधान्याच्या विषयांतलाच एक आहे.

आता आम्ही अडलो आहोत ते वेगळ्या ठिकाणी. धुळीचं वजन झालं, पण त्या धुळीत सिलिका किती हे अजून कुणी मोजलेलं नाही. आपल्या २००९च्या हवेच्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यांत सिलिका नाही. कामाच्या जागेसाठी मर्यादा आहे, बाहेरच्या हवेसाठी नाही. म्हणजे तांबड्या मातीचा १०० मायक्रोग्रॅम धुरळा आणि क्वार्ट्झचा १०० मायक्रोग्रॅम धुरळा कायद्याच्या लेखी सारखाच. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या आरोग्य विभागाने २०१३मध्ये बाहेरच्या हवेतल्या श्वसनीय सिलिकासाठी दीर्घकाळाची पातळी ३ मायक्रोग्रॅम धरली; कॅलिफोर्नियाने तीच २००५मध्ये धरली होती. मिनेसोटा आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तेलविहिरींसाठी लागणाऱ्या सिलिका वाळूच्या खाणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी भराभर वाढल्या. तिथल्या लोकांनीही असाच पाठपुरावा केला. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरच्या विद्यापीठातले प्राध्यापक क्रिस्पिन पिअर्स विद्यार्थ्यांना घेऊन प्लांटांभोवतीचे बारीक कण मोजत होते, आणि मिनेसोटातल्या विनोना काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०१६मध्ये असल्या खाणींवर बंदी घातली, जी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये कायम ठेवली. आमची मागणी बंदीची नाही. पण मोजण्याजोगी गोष्ट कोणती हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

यात एक बारीक तांत्रिक खोच आहे, ती मला उशिरापर्यंत कुणी सांगितली नव्हती. पीएम १०च्या नेहमीच्या मोजणीत फिल्टर काचेच्या तंतूंचा असतो. वजनासाठी तो उत्तम, पण काच स्वतःच सिलिकाची, त्यामुळे त्यावरची सिलिका वेगळी काढून मोजायला तो चालत नाही. त्यासाठी पीव्हीसीचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, फिल्टर लागतो आणि मग प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी क्वार्ट्झ ओळखतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेचं काम याच विषयातलं आहे. म्हणजे मार्ग आहे; मोजणीला जाताना दुसरा फिल्टर घेऊन जायचा आहे.

ताज्या पत्रात आम्ही तीन गोष्टी मागितल्या आहेत: हौद सुकू लागले की त्यांवर पाणी किंवा आच्छादन, मजुरांची छातीची तपासणी, आणि पुढच्या मोजणीत एका यंत्राला पीव्हीसी फिल्टर लावून सिलिकाचं वेगळं विश्लेषण. पहिल्या दोन मागण्यांवर लेखी उत्तर आलं आहे, कार्यवाही सुरू असल्याचं. तिसरीवर काहीच नाही. दिवाळीनंतर डंपर सुरू होतील तेव्हा सरपंच, आशाताई आणि मी तेवढ्यासाठी पुन्हा कार्यालयात जाणार आहोत, आणि या खेपेला हौदाशेजारच्या वाडीतल्या बायकाही सोबत येणार आहेत. त्यांची वही वेगळी सुरू केली आहे.